चारही रॅम चांगल्या, तरी पीसी बंद पडतोय

१६ जीबी रॅम पुरेना म्हणून आणखी १६ टाकली. आधीच्या आठ-आठच्या दोन स्टिक होत्या. नव्या दोन त्याच कंपनीच्या, त्याच ३२०० वेगाच्या. बसवायला पाच मिनिटं लागली, निस्तरायला दोन आठवडे.

पहिला दिवस सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी ब्राउझरचे टॅब आपोआप मरायला लागले आणि संध्याकाळी ब्लू स्क्रीन आली: 'मेमरी मॅनेजमेंट'. पुढच्या वेळी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. त्यानंतर काहीच न सांगता थेट रीस्टार्ट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं आणि 'पॉवर' वाचून मी पॉवर सप्लायच्या मागे लागलो. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला. का पडला, ते ती सांगत नाही. तीन दिवस तिथे गेले. ग्राफिक्स ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, तोही उगाच.

खरा सुगावा लागला एका झिप फाइलमुळे. तीच फाइल एकदा नीट उघडायची, पुढच्या वेळी सीआरसी एरर (म्हणजे आतला डेटा पडताळणीत जुळत नाही), मग पुन्हा नीट. डिस्कवरची फाइल तर बदललेली नव्हती. म्हणजे वाचून झाल्यावर मेमरीत काहीतरी बिघडत होतं. आधी फोटोंचा बॅकअप थांबवला; खराब झालेल्या प्रती चांगल्या प्रतींवर चढल्या असत्या तर कळलंही नसतं.

पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवला. चारही स्टिक लावलेल्या असताना पहिल्याच फेरीत एररच्या लाल ओळी. मग एकेक स्टिक, एकाच स्लॉटमध्ये, रोज रात्री एक. चार रात्रींनंतर निकाल काय, तर चारही निर्दोष! सदोष निघाली असती तर बरं, बदलून तरी घेतली असती. नव्या दोघींची जोडी लावली, एकही एरर नाही. चौघी एकत्र आल्या की पुन्हा लाल.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी बंद केलं; रॅम तिच्यावर छापलेल्या वेगाने चालते ती याच सेटिंगमुळे. वेग २१३३ वर आला आणि चौघींच्या चाचणीच्या चारही फेऱ्या बिनबोभाट पार पडल्या. ३२०० हा वेग त्या-त्या जोडीपुरता तपासलेला असतो, दोन वेगळ्या जोड्या एकत्र चालतील याची हमी नसते. शिवाय स्टिक वाढल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. माझ्या प्रोसेसरच्या तपशिलात तसं छापलेलंच होतं: दोन स्टिकना ३२००, चार सिंगल रँक (स्टिकवर चिपचा एकच गट) असतील तर २९३३, ड्युअल रँक (दोन गट) असतील तर २६६७. खरेदीआधी कोण वाचतो ते!

माझ्या सिंगल रँकच्या आहेत. एक्सएमपी पुन्हा चालू करून वेग तेवढा हाताने २९३३ केला, व्होल्टेज १.३५ च राहू दिलं. रात्रभर मेमटेस्ट, एररचा आकडा शून्य. ३२०० आणि २९३३ मधला फरक मला तरी जाणवत नाही. मधल्या काळात विंडोजच्या काही फाइल खराब झाल्या होत्या, त्या 'एसएफसी स्कॅननाऊ' या विंडोजच्याच कमांडनं दुरुस्त झाल्या. ती झिप वीस वेळा उघडून पाहिली आणि मगच बॅकअप पुन्हा सुरू केला.