विजेचा संघ आणि त्याचे गाव

बुरीरम युनायटेड या थायलंडमधील फुटबॉल क्लबने राष्ट्रीय लीगचे विजेतेपद किती वेळा मिळवले, या प्रश्नाची दोन उत्तरे देता येतात. २०२४-२५ च्या हंगामापर्यंतची विजेतेपदे मोजली, तर बुरीरमच्या नावावर १० भरतात. त्याआधी २००८ मध्ये याच क्लबने आणखी एक विजेतेपद मिळवले होते, परंतु तेव्हा त्याच्या नावात बुरीरम नव्हते, त्याचे मैदान बुरीरममध्ये नव्हते आणि बुरीरममधील कोणी त्याला आपला मानण्याचे काही कारणही नव्हते. या अकराव्या विजेतेपदाचे काय करायचे, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे घोळत आहे आणि त्याच निमित्ताने या क्लबचा इतिहास लिहावासा वाटला.

आधी गावाविषयी सांगतो, कारण त्याचे नाव मराठी माणसाला परके वाटणार नाही. 'बुरी' म्हणजे आपली पुरी आणि 'रम' म्हणजे रम्य. थाई लिपीत हे नाव लिहिताना शेवटचा 'य' आजही लिहितात आणि त्याच्या डोक्यावर एक लहानशी खूण काढतात, जिचा अर्थ हे अक्षर उच्चारू नये असा होतो. ही रम्य पुरी ईशान्य थायलंडच्या, म्हणजे इसान प्रदेशाच्या, दक्षिण भागात कंबोडियाच्या सीमेलगत आहे. बँकॉकहून रेल्वेने सुमारे पावणेचारशे किलोमीटर अंतर पडते. प्रांताची लोकसंख्या पंधरा लाखांहून अधिक असली, तरी मुख्य शहर अगदी छोटे आहे. भातशेती हा इथला आधार, आणि शेतीवर भागत नाही म्हणून बँकॉकला कामासाठी जाणे ही इथल्या अनेक घरांची रीत.

थाई लीग १९९६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यावर वर्चस्व होते ते राजधानीतील संस्थांच्या संघांचे. बँका, लष्कर, हवाई दल, बंदर प्राधिकरण, दूरध्वनी संस्था, तंबाखू महामंडळ अशा आस्थापनांचे हे संघ होते. मुंबईच्या फुटबॉलमध्ये एकेकाळी रेल्वे, एअर इंडिया किंवा महिंद्र यांचे संघ जसे असत, तसाच हा प्रकार. असे संघ खेळायला कमी नव्हते. थाई फार्मर्स बँकेच्या संघाने १९९४ आणि १९९५ अशी सलग दोन वर्षे आशियाई क्लब अजिंक्यपद पटकावले होते. मात्र १९९७ च्या आर्थिक संकटानंतर काही वर्षांतच, २००० मध्ये, तो संघ बंद झाला. आशिया जिंकलेला संघ बंद होतो आणि त्यासाठी कोणतेही शहर रस्त्यावर उतरत नाही, कारण तो कोणत्या शहराचा नव्हताच. ही गोष्ट मला त्या काळातील थाई फुटबॉलविषयी सर्वात जास्त सांगून जाते.

पुढे बुरीरमचा झालेला विद्युत प्राधिकरणाचा संघ याच कुळातला. बँकॉक आणि तिच्या लगतचे दोन प्रांत वगळता उरलेल्या साऱ्या देशाला वीज पुरवणारी ही सरकारी संस्था. आपल्याकडील जुन्या वीज मंडळासारखी. तिचा फुटबॉल संघ १९७० मध्ये स्थापन झाला. गावोगावी खांब रोवून तारा नेणाऱ्या या संस्थेचा संघ स्वतः मात्र बँकॉकमध्येच खेळत राहिला. पुढे तो अयुथ्थयाच्या प्रांतिक मैदानावर गेला आणि २००८ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला. त्याच सुमारास थाई फुटबॉलचे वारे फिरू लागले होते. प्रांतांच्या स्वतंत्र लीगमधून वर आलेला चोनबुरीचा संघ २००७ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला होता, आणि आपल्या गावच्या नावाचा संघ पाहायला लोक तिकीट काढून येतात, हे त्याने दाखवून दिले होते. आशियाई महासंघाने क्लब हे व्यावसायिक कंपन्यांच्या रूपात चालवले जावेत असा आग्रह धरल्यावर २००९ पासून सरकारी खात्यांच्या आणि बँकांच्या संघांना वेगळा विचार करणे भागच पडले. क्रुंग थाई बँकेने आपला संघ सोडला आणि तो बँकॉक ग्लास या नावाने उभा राहिला.

या वळणावर नेविन चिदचोब यांचा प्रवेश होतो. त्यांच्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यांच्याशिवाय हा इतिहास सांगताच येत नाही. वडील चाई चिदचोब बुरीरमचे जुने खासदार आणि पुढे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष. मुलाचे नाव त्यांनी ब्रह्मदेशाच्या जनरल ने विन यांच्यावरून ठेवले होते. नेविन मंत्रिपदापर्यंत पोहोचले. मात्र २००७ मध्ये थाई राक थाई पक्ष विसर्जित करण्याचा निकाल लागला, तेव्हा त्या पक्षाच्या ज्या १११ पदाधिकाऱ्यांवर पाच वर्षांची राजकीय बंदी आली, त्यांत त्यांचाही समावेश होता. पडद्यामागचे त्यांचे वजन कमी झाले नाही. २००८ च्या अखेरीस त्यांच्या गटाने बाजू बदलली आणि देशाचे सरकार बदलले. पुढच्याच वर्षी हा माणूस आपल्या गावासाठी फुटबॉल क्लब शोधू लागला. दूरध्वनी संस्थेचा संघ आणि लष्कराचा संघ मिळवण्याचे त्यांचे प्रयत्न फळले नाहीत. अखेर विद्युत प्राधिकरणाशी बोलणे जमले आणि २०१० च्या हंगामात संघ 'बुरीरम पीईए' या नावाने बुरीरममध्ये उतरला. पीईए ही विद्युत प्राधिकरणाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. पहिल्याच वर्षी तो लीगमध्ये दुसरा आला.

माझे बालपण कोल्हापुरात गेले. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे मुलाच्या कानावर शाळेत जाण्याआधी पडतात. संघ पेठेच्या मातीतून उगवतो आणि पेठ सोडून तो कुठे जाईल, ही कल्पनाही कोणाच्या मनात येत नाही. त्यामुळे हा स्थलांतराचा व्यवहार मी प्रथम वाचला, तेव्हा मला तो मुळीच रुचला नाही. दोन वर्षांपूर्वीचा राष्ट्रीय विजेता संघ उचलायचा आणि दुसऱ्या प्रांतात नेऊन ठेवायचा, याला इतिहास म्हणायचे की खरेदी, असे मला वाटले होते. अयुथ्थयाच्या मैदानावर २००८ चा हंगाम पाहिलेल्या प्रेक्षकांना कोणी काही विचारले असेल, असे मला आजही वाटत नाही, आणि त्या बाबतीतले माझे मत बदललेले नाही.

शिवाय बुरीरमचा स्वतःचा एक संघ होताच. बुरीरम एफसी हा संघ खालच्या स्तरावर खेळत असे. नेविन यांच्या पत्नी करुणा चिदचोब त्याचे नेतृत्व करू लागल्या आणि संघाने २०१० मध्ये प्रादेशिक लीग व २०११ मध्ये द्वितीय श्रेणीची लीग जिंकली. याचा अर्थ २०१२ मध्ये एकाच कुटुंबाचे, एकाच शहराचे दोन संघ पहिल्या श्रेणीत समोरासमोर येणार होते. ते टाळण्यासाठी मोठ्या संघाने विद्युत प्राधिकरणाचे नाव सोडून 'बुरीरम युनायटेड' हे नाव घेतले आणि धाकट्याची पहिल्या श्रेणीतील जागा दक्षिणेकडील सोंगख्लाकडे गेली. बाहेरून आलेला राहिला आणि घरचा गेला.

वीज मात्र नावातून गेली नाही. क्लबचे टोपणनाव 'प्रासात साईफा' असे आहे. प्रासात म्हणजे आपला प्रासाद. प्रांतातील फनोम रुंग या ख्मेर मंदिराला तिथे हाच शब्द लावतात. साईफा म्हणजे आकाशात चमकणारी वीज. इंग्रजीत किंवा थाईत आकाशातली वीज आणि तारेतली वीज यांना वेगवेगळे शब्द आहेत. मराठीत दोन्ही वीजच. त्यामुळे या टोपणनावातले जुन्या आणि नव्या घराचे नाते मराठी वाचकाला चटकन जाणवते.

२०११ मध्ये, म्हणजे संघ येऊन दीड-दोन वर्षे होतात न होतात तोच, शहराबाहेर नवे स्टेडियम उभे राहिले. ते २५६ दिवसांत बांधले, असे क्लब अभिमानाने सांगतो. प्रायोजकांप्रमाणे त्याचे नाव बदलत गेले. आता ते चांग अरेना आहे आणि तिथे ३२,६०० प्रेक्षक बसतात. माझ्या दृष्टीने त्याची खरी थोरवी वेगळी आहे. थायलंडमधील प्रांतिक मैदानांत फुटबॉलच्या पटांगणाभोवती धावण्याची पट्टी असते आणि प्रेक्षक खेळापासून दूर पडतो. इथे तशी पट्टी नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला खेळाडूंचे एकमेकांना हाका मारणे ऐकू येते. २०१४ मध्ये शेजारीच मोटार शर्यतींचा मार्ग तयार झाला आणि २०१८ पासून तिथे मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत होऊ लागली. त्याविषयी मला फारशी आस्था नाही.

त्याच २०११ साली संघाने लीग, एफए कप आणि लीग कप हा तिहेरी मुकुट मिळवला. प्रशिक्षक होते अत्थापोन बुस्पाकोम. पुढच्या मार्चमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या सामन्यात जपानचा विजेता काशिवा रेसोल बुरीरममध्ये आला आणि ३-२ असा हरून परतला. दुसऱ्या सामन्यात बुरीरमने चीनच्या विजेत्या ग्वांगझू एव्हरग्रांडला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवले. गटातून पुढे जाणे त्या वर्षी जमले नाही, परंतु २०१३ मध्ये संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि इराणच्या एस्तेघलालकडून पराभूत झाला. त्या वर्षी आणि पुन्हा २०१५ मध्ये लीगच्या संपूर्ण हंगामात तो एकही सामना हरला नाही. २०१५ मध्ये ब्राझीलच्या दियोगोने लीगमध्ये ३३ गोल केले आणि क्लबने वर्षभरात पाच करंडक जिंकले.

या सगळ्या यशापेक्षा मला २०१९ च्या हंगामाचा शेवटचा दिवस अधिक महत्त्वाचा वाटतो. बुरीरमला चियांग माईविरुद्ध केवळ विजय हवा होता. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. त्याच वेळी चियांगराय युनायटेडने सुफानबुरीला ५-२ असे हरवले. दोन्ही संघांचे ५८ गुण झाले आणि आपसातील सामन्यांच्या निकषावर विजेतेपद उत्तरेकडील चियांगरायला मिळाले. दोन प्रांतिक संघ शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजत आहेत आणि राजधानी प्रेक्षक आहे, हे दृश्य बँका आणि खात्यांच्या काळात कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

मी बुरीरमला गेलो तो दिवस सामन्याचा होता. रेल्वे स्थानकासमोर तळलेल्या मांसगोळ्यांच्या गाड्या लागतात. तिथे उभ्यानेच खायचे, काडी समोरच्या चटणीत बुडवायची आणि शेवटी रिकाम्या काड्या मोजून पैसे द्यायचे. ब्लॅकपिंक या कोरियन गायनसमूहाची गायिका लिसा याच प्रांतातली; तिने २०२१ मध्ये या गोळ्यांची आठवण काढल्यापासून ते साऱ्या देशाला ठाऊक झाले आहेत. माझ्या शेजारी एक आजीबाई उभ्या होत्या. अंगात संघाचा गडद निळा शर्ट, त्याखाली रोजचे लुंगीसारखे वस्त्र, हातात दहा-बारा काड्या. शर्ट बऱ्याच धुण्यांनी विटला होता आणि पाठीवरचा आकडा अर्धा उडाला होता. मी माझ्या मोडक्यातोडक्या थाईत, 'सामन्याला?' असे विचारले. त्यांनी मान डोलावली, काड्या मोजल्या आणि नातवाला हाक मारली. त्या मुलाच्या जन्मापूर्वीच संघ या गावात आला होता. त्याच्या लेखी तो कुठून आलेला नाही, तो इथलाच आहे. माझी कोल्हापुरी अढी त्या संध्याकाळी थोडी सैल झाली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी फनोम रुंगला गेलो. विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावरचे हे शिवमंदिर, आणि त्याच्या एका दारावर शेषशायी विष्णूची शिल्पपट्टी. ही पट्टी १९६० च्या दशकात नाहीशी झाली, शिकागोच्या कलासंग्रहालयात सापडली आणि लोकांनी केलेल्या मागणीनंतर १९८८ मध्ये परत आली. आपली वस्तू आपल्या जागी असावी, यासाठी भांडण्याची सवय या प्रांताला क्लब येण्याच्या कितीतरी आधीपासून होती.

अलीकडची वर्षे यशाचीच आहेत. जपानी प्रशिक्षक मासातादा इशिई यांच्या काळात २०२१-२२ आणि २०२२-२३ असे सलग दोन तिहेरी मुकुट आले. मे २०२५ मध्ये हनोईच्या कोंग आन संघाशी दोन्ही सामने बरोबरीत सुटल्यावर पेनल्टी शूटआउटमध्ये बुरीरमने आसियान क्लब अजिंक्यपद जिंकले. तरीही मला अधिक समाधान देणारी गोष्ट म्हणजे क्लबने घडवलेली मुले. सुपाचोक साराचात आणि सुपानात मुएआन्ता हे सख्खे भाऊ जवळच्याच सिसाकेत प्रांतातले. सुपानातने २०१८ मध्ये लीगमध्ये गोल केला, तेव्हा त्याला सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. थोरला २०२२ मध्ये जपानच्या साप्पोरोला गेला, तर धाकटा २०२३ मध्ये काही काळ बेल्जियमच्या लुव्हेनमध्ये खेळून आला. दुसऱ्याचा तयार संघ घेऊन ज्या क्लबची सुरुवात झाली, तो आता आपले खेळाडू जगाला देतो आहे.

क्लब अजूनही एका कुटुंबाच्या इच्छेवर उभा आहे, ही चिंता मला आहे आणि ती मी लपवणार नाही. थाई फार्मर्स बँकेचा संघ एका निर्णयाने संपला होता. बुरीरमवर तशी वेळ आली, तर निदान विटलेल्या निळ्या शर्टातली काही हजार माणसे विचारायला उभी राहतील. विजेतेपदांचा आकडा मात्र मी अकराच लिहितो, आणि २००८ च्या पुढे अयुथ्थयाचे नाव लिहून ठेवतो.