आखाजीनंतरची परसबाग

जळगाव-भुसावळकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पारा 42-43 च्या पुढे जातो. त्या उन्हात काय टिकेल हे फेब्रुवारीतच ठरतं, म्हणून भेंडी, गवार, चवळी, गिलकी (घोसाळी), दोडकी मी तेव्हाच लावून घेतो. टोमॅटोचा नाद आता सोडावा. दिवसा 38 च्या वर ऊन आणि रात्रीही उकाडा असला की परागकण निकामी होतात, फुलं देठाशी पिवळी पडून गळतात. खत वाढवून काही होत नाही.

बाग बघायची ती सकाळी सातच्या आत. दुपारी गिलक्याचा वेल मान टाकतोच, कारण पानातून पाणी उडतं तितकं मुळांना ओढता येत नाही. ऊन कललं की तो सावरतो. घाबरून दुपारी पाणी ओतत राहिलं तर काळ्या मातीत मुळं कुजतात. सकाळीही पानं लोंबत असली आणि दोन पेरं बोट घालून माती कोरडी लागली, तरच ती तहान.

काळी जमीन भेगाळली असेल तर पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं. आधी खुरप्याने भेगा बुजवाव्यात, मग पाणी, मग आच्छादन. आपल्याकडे केळीचा वाळलेला पाला मुबलक. त्याचा तीन इंच थर पुरतो. बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवावा, नाहीतर बुंधा कुजतो आणि वाळवीही येते. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, ते बादलीत काढून घ्यायचं.

शेडनेट 50 टक्के सावलीचं घ्या. 75 टक्क्यांच्या नेटखाली भेंडी नुसती उंच जाते, पेरं लांबतात, फुलं कमी लागतात. पश्चिम बाजू झाकली, पूर्व मोकळी ठेवली की बरं.

वेलांचं खरं काम फुलांशी. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. हाताने परागण करायची वेळ त्यावरून ठरते. मादी फुलामागे बोटभर कोवळं फळ दिसतं. ताज्या नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे पुंकेसर मादीच्या मधोमध हलके फिरवायचे. परागण चुकलं की ते इवलं फळ दोन-तीन दिवसांत पिवळं पडतं. उन्हाच्या तडाख्यात नर फुलंच जास्त येतात, त्यात युरिया दिला की आणखी वाढतात, तो टाळाच.

भेंडी पेरणीपासून 45-50 दिवसांत तोडणीला येते. मग एक दिवसाआड तोडावीच. टोक कडकन मोडलं नाही तर ती जून झाली. पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा रोग, पांढऱ्या माशीने आणलेला. त्यावर औषध नाही, झाड उपटायचं. पानाखाली बारीक जाळी आणि वर फिके ठिपके दिसले तर ती लाल कोळी ही कीड. आधी खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा. तरी राहिली तर निंबोळीची 50 ग्रॅम भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून फवारावी. हे ऊन उतरल्यावरच, भर उन्हात पानं करपतात.