तुम्ही विचारलंत म्हणून: गावात राहून नेमकं काय करता?

नात्यातलं लग्न असो, एसटीतला प्रवास असो की कॉलेजातली कार्यशाळा, हा प्रश्न मला येतोच. "गावात चार-चार महिने राहून तुम्ही करता काय? चार पोरं पाठवून फॉर्म भरून घेतले तर आठवड्यात काम होईल की." विचारणारे आपुलकीनं विचारतात, म्हणून एकदा नीट सांगते.

फॉर्म मीही भरून घेतले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीचा अभ्यास करायला गेले, तेव्हा पहिला आठवडा फॉर्मचाच होता. एका अंगणात एक बाई सुपात ज्वारी पाखडत बसली होती. तिला विचारलं, "काम काय करता?" ती म्हणाली, "काई नाही बाप्पा, घरीच रायतो." मी रकान्यात 'गृहिणी' लिहिलं आणि पुढच्या दारी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाई हातात डबा घेऊन वेचणीला निघालेली दिसली. ती खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी काम म्हणजे पगाराची नोकरी. वावरात जाणं हे भाकरी थापण्यासारखं, ते कोणी सांगत बसत नाही. माझ्या रकान्यातला शब्द आणि तिच्या तोंडचा शब्द एकच होता, अर्थ दोन होते.

त्या दिवसापासून फॉर्म पिशवीत ठेवले आणि बायांबरोबर वावरात जाऊ लागले. गावात राहायचं, लोकांच्या कामात हात घालायचा, पाहिलेलं-ऐकलेलं रोज लिहून काढायचं, आणि आपल्याला कळलं ते बरोबर आहे का हे पुन्हा त्यांनाच विचारायचं, याला आमच्या विषयात, म्हणजे मानवशास्त्रात, एथ्नोग्राफी म्हणतात.

वेचणी लांबून सोपी दिसते. दव उतरेपर्यंत पऱ्हाटीला हात लावायचा नाही. कमरेला फडकं बांधायचं आणि दोन्ही हातांनी वेचायचं. बोंडातला कापूस एका ओढीत सगळाच्या सगळा यायला हवा, वाळलेल्या पानाचा चुरा त्याला चिकटता कामा नये. किडका, डागी कापूस वेगळा. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला बरोब्बर टोचतात. पहिल्या संध्याकाळी काट्यावर माझा कापूस भरला 6 किलो, शेजारच्या पातीतल्या, म्हणजे वेचणीच्या ओळीतल्या, मावशींचा 42. बोटं पाहून त्या म्हणाल्या, "काहून वं पोरी, लागलं का?" आठवडाभर मी 'मॅडम' होते. 'पोरी' ही हाक मला तिथे पहिल्यांदा मिळाली.

मजुरी किलोवर असते, म्हणून काट्याशेजारची वही मला फार मोलाची वाटायची. कोणी किती वेचलं, सगळं नावानिशी. दहाव्या की अकराव्या दिवशी धुऱ्यावर पाणी प्यायला थांबले होते. पात संपवून वळताना मावशींनी आपल्या फडक्यातून दोन ओंजळी कापूस काढला आणि मागून येणाऱ्या आजींच्या गाठोड्यात टाकला. मान वर न करता. थोड्या वेळानं दुसरीनं तेच केलं. संध्याकाळी आजींच्या नावापुढे 27 किलो लागले.

म्हणजे वहीतला एकही आकडा एकटीचा नव्हता. त्या आकड्यांवरून मी वय आणि वेचणी यांचा आलेख काढला असता, तो दिसायला सुबक झाला असता आणि साफ चुकला असता.

रात्री मावशींना विचारलं, "आजीला मदत करता का?" त्यांना 'मदत' हा शब्द आवडला नाही. "मदत कायची वं? वजन कमी भरलं तं उद्या तिले कोन बोलावन? अन् माह्या पयल्या बाळंतपनात सव्वा महिना तिनंच केलं." त्या बाळंतपणातला मुलगा आता ट्रॅक्टर चालवतो. इतक्या वर्षांमागची देणीघेणी रोज त्या पातीत फिटत होती. माझ्या अभ्यासाचा प्रश्न तिथे बदलला. मजुरी किती, हे विचारायला मी आले होते. आता मला कोण कोणाचं काय लागतं, हे समजून घ्यायचं होतं. प्रश्नच बदलावा लागणं हे मला या पद्धतीचं सगळ्यात मोठं देणं वाटतं.

विदर्भातल्या लोकांवर पूर्वीही लिहिलं गेलं आहे. 1916 मध्ये ब्रिटिश अधिकारी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड निघाले. मी ते आजही उघडते, पण त्यातला बराच भाग अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी पाठवलेल्या टिपणांवर उभा आहे. बोलणारी बाई त्यात क्वचितच सापडते. त्याच सुमारास मॅलिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर तंबू ठोकून लोकांमध्ये राहत होता, त्यांची भाषा शिकत होता. आमची वाट तिथून आली.

एका गावावरून जिल्ह्याचा आकडा काढता येत नाही, हे मान्यच आहे. त्यासाठी सर्वेक्षण लागतं, आणि ते नेटकं व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण 'काम' हा शब्द फॉर्ममध्ये कसा विचारायचा, हे आधी कोणीतरी अंगणात बसून शिकलेलं असावं.

राहिली वेळेची गोष्ट. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले. 1970 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांची वर्षानुवर्षं तयार केलेली टिपणं जळाली, तरी त्यांनी त्या गावावर आठवणीतून आख्खं पुस्तक लिहिलं. फॉर्म जळाले असते तर मला एक ओळही लिहिता आली नसती. ती ओंजळ मात्र मला आजही दिसते.

निघायच्या आदल्या दिवशी लिहिलेलं सगळं मी त्या दोघींना ओसरीवर वाचून दाखवलं. गावाचं नाव घालायचं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. 'मावशींनी दोन ओंजळी टाकल्या' या वाक्यापाशी आजींनी हात वर केला.

"दोन नाई, तीन. तू पानी पेत होती तवा एक टाकली होती."

मी 'दोन' खोडून 'तीन' केलं.