बर्लिनमधला गुलाबी त्रिकोण

बर्लिनला गेलेले आपले लोक ब्रांडेनबुर्ग गेट आणि भिंतीचे फोटो टाकतात, मला मात्र आधी नोलेनडॉर्फप्लाट्झ बघायचं होतं. हे शोनेबेर्ग भागातलं मेट्रोचं स्टेशन, आणि आजूबाजूच्या गल्ल्या शंभर वर्षांपासून गे लोकांच्या म्हणून फेमस आहेत. स्टेशनच्या भिंतीवर लालसर दगडाचा एक त्रिकोण बसवलाय, १९८९ मधला, नाझींनी मारलेल्या समलैंगिकांच्या आठवणीसाठी. लोक ट्रेन पकडायला बाजूने पळत असतात, कोणी ढुंकूनही बघत नाही.

दुसऱ्या दिवशी लोकल ट्रेनने ओरानिएनबुर्गला गेलो, तिथून चालत साक्सेनहाउझेनची छळछावणी. कैद्यांच्या कपड्यांवर रंगीत त्रिकोण शिवायचे. राजकीय कैद्याला लाल, गुन्हेगाराला हिरवा, समलैंगिक पुरुषाला गुलाबी, म्हणजे आवारात पाऊल टाकल्या टाकल्या हा कोण ते सगळ्यांना कळणार, आणि गुलाबीवाल्याजवळ इतर कैदीसुद्धा उभे राहायला बघायचे नाहीत. असे ५ ते १५ हजार पुरुष वेगवेगळ्या छावण्यांत टाकले गेले असा अंदाज आहे. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे युद्ध संपलं तरी पुरुषांमधले समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं कलम १७५ संपलं नाही, नाझींनी कडक केलेलं ते कलम पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत जसंच्या तसं चालू होतं आणि कायद्याच्या पुस्तकातून पूर्ण गेलं ते थेट १९९४ ला! मग छावणीतून सुटलेला माणूस कुठे तक्रार करणार, बोलला तर परत आत.

आता हाच त्रिकोण लोकांनी आपणहून छातीवर का लावला? आपल्याला वाटतं अभिमान वगैरे, पण त्यामागे एक चांगलं कडाक्याचं भांडण होतं. १९७३ ला पश्चिम बर्लिनमध्ये डाव्या विचारांच्या एका गे संघटनेचा मोर्चा निघाला, त्यात काही जण बायकी कपडे, मेकअप करून आले, आणि संघटनेतलेच बाकीचे चिडले की अशाने कामगार आपल्या बाजूने कसे येणार, आपली इमेज काय राहील (हे वाक्य मी मराठीत किती वेळा ऐकलंय!). त्यावर दुसऱ्या गटाचं म्हणणं असं, की ज्याचं चालणं-बोलणं वेगळं त्याला रस्त्यावर लपता येत नाही, शिव्या तोच खातो, आणि तुम्ही शर्ट-पँट घालून गर्दीत आरामात मिसळता. मग तुम्हीही गुलाबी त्रिकोणाचा बॅज लावा आणि बघा काय होतं ते. मला हे फारच आवडलं. सोबत राहायचं तर लपायची सोय सोडा, एवढा साधा हिशोब.

पुढे १९८७ ला न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या पोस्टरवर हा त्रिकोण उलटा करून, टोक वर, छापला गेला आणि तिथून टी-शर्टवर, बॅजवर सगळीकडे पोचला. सप्तरंगी झेंडा त्याआधीचा, १९७८ चा सॅन फ्रान्सिस्कोचा, त्याला कसलाही काळा इतिहास नाही म्हणून तो सगळ्यांना चालतो, अगदी बुटाच्या लेस विकणाऱ्या कंपन्यांनाही. खरं सांगायचं तर मला तो आता थोडा फार गोड वाटतो.

आपल्याकडे सुरुवातीच्या प्राइड मोर्च्यांत बरेच जण मास्क लावून चालायचे, समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं ना तेव्हा, सुप्रीम कोर्टाने तो गुन्हा २०१८ ला रद्द केला. बर्लिनचा तो गट या मास्कवाल्यांना काय म्हणाला असता माहीत नाही, पण मी तरी कोणाला नावं ठेवणार नाही. घरी कळलं तर कुठे जायचं हा प्रश्न बॅजने सुटत नाही.

जाणार असाल तर साक्सेनहाउझेनला एंट्री फ्री आहे, अर्धा दिवस हाताशी ठेवा, पाणी आणि खायला काहीतरी सोबत घ्या, आणि शहरात परत आल्यावर टियरगार्टन बागेतला, याच समलैंगिकांच्या आठवणीसाठी २००८ ला उभारलेला काँक्रीटचा ठोकळाही बघा, त्याच्या छोट्या खिडकीतून आत एक चुंबनाचा व्हिडिओ दिसतो.