गाडी लागते का?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, "गाडी लागते का तुम्हाला?" मला वाटलं घरी न्यायला गाडी हवी का विचारताहेत, म्हटलं नको, मिस्टर आणतील ना. त्या हसायलाच लागल्या. मग कळलं. अहो लागते म्हणजे काय, ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट आला की मी आजही पिशवी हातात धरूनच बसते.

पित्ताच्या खड्यांचं, दुर्बिणीतून करायचं होतं. खरं सांगू तर मला भीती ऑपरेशनची नव्हतीच, नंतरच्या उलट्यांची होती. कारण अपेंडिक्सच्या वेळी शुद्धीवर आल्यापासून रात्रभर तेच चाललं होतं, पोटात काही नाही तरी उमासे येतच होते आणि प्रत्येक उमाशाला टाके असे ओढले जायचे की आई पोटावर उशी दाबून धरायची, बाजूला उलटीसाठी तो किडनी ट्रे.

मॅडमनी हिशोबच मांडला. बाई असणं, सिगारेट न ओढणं, गाडी लागणं किंवा आधी असं झालेलं असणं, आणि नंतर मॉर्फिनच्या जातीची दुखण्याची औषधं, ही चारही असली की काहीच उपाय नाही केला तर 100 पैकी साधारण 80 जणांना त्रास होतो. सिगारेट न ओढणाऱ्यांना जास्त! आमचे हे लगेच, "मग मार दोन कश." यांना काही कुठे बोलावं कळत नाही.

तर आमच्या नणंदबाई, रामबागेतल्या ताई, ॲक्युप्रेशरच्या भक्त. त्यांनी मनगटावरचा पट्टा आणून दिला, आतून प्लॅस्टिकचं बटण असलेला. मी मनात म्हटलं झालं सुरू यांचं. पण मॅडम म्हणाल्या खुशाल घाला, इंजेक्शन तर मी देणारच आहे, आणि यावर बरंच काम झालंय. घरी येऊन मी शोधलं, तर 2015 च्या कॉक्रेनच्या (जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) आढाव्यात 59 चाचण्या, 7667 माणसं, आणि तुलनेसाठी दिलेल्या खोट्या उपचारापेक्षा मनगटावरच्या या पॉइंटने मळमळ, उलट्या दोन्ही कमी झालेल्या, जवळपास औषधांच्या तोडीस तोड. मग गप्प बसले.

पॉइंटचं नाव पी-सिक्स. तळहात वर करायचा, मनगटाच्या घडीवर आपली तीन बोटं आडवी ठेवायची (आपलीच हं, ताई आधी स्वतःची जाडी बोटं ठेवून मोजत होत्या), त्याच्या वर, मूठ वळून मनगट जरा वाकवलं की दोरीसारखे दोन स्नायूबंध उठतात ना, त्यांच्या मधोमध. नीट दाबलं की तिथे बोथट दुखतं. सलाइन डाव्या हाताला लागणार होतं म्हणून पट्टा उजव्या हाताला, भूल द्यायच्या आधीच.

शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा, खांदा दुखतोय (पोटात गॅस भरतात त्याने दुखतो म्हणे), पण मळमळ? संध्याकाळी एकदा थोडं कसंतरी झालं, ताईंनी बटणावर अंगठा दाबून धरला, पाच मिनिटांत गेलं. उलटी एकही नाही. रात्री नारळपाणी राहिलं पोटात.

आता हे म्हणतात इंजेक्शनने झालं, ताई म्हणतात बटणाने. मला काय माहीत, दोन्ही होतं. मनगटावर मात्र दोन दिवस रुपयाएवढा लाल गोल होता.

पट्टा गाडीच्या डिकीत न टाकता पर्समध्येच ठेवलाय. पुढच्या महिन्यात ओंकारेश्वर आहे, भेरूघाटात काही इंजेक्शन नसणारे.