आमची वाटचाल : होळकरी रुपयापासून सुरुवात

आमची इंदूरची फर्म संग्राहकांसाठी वेबसाइट बनवते आणि त्यांची नाणी, तिकिटं, जुने कागद स्कॅन करून देते. हा धंदा ठरवून उभा राहिला नाही. रामबागेतल्या घरी बाबांचा होळकरी नाण्यांचा संग्रह होता आणि मला एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, शिकायचं वेड लागलं होतं. १९९८ मध्ये या दोन नादांची गाठ पडली.

तेव्हा जिओसिटीज या वेबसाइटवर स्वतःची पानं ठेवायला फुकट जागा मिळायची. तिथे विषयवार वस्त्या होत्या. पत्त्यातच वस्तीचं नाव आणि घराचा नंबर असायचा, त्यामुळे शेजारीपाजारी हिंडून येता यायचं. इंटरनेट लावलं की घरचा फोन अडकायचा. म्हणून पानं आधी तयार करून ठेवायची आणि रात्री सगळे झोपले की चढवायची.

खरी मेहनत नाण्यांच्या चित्रांची. होळकरांची बरीच नाणी मुघल बादशहा शाह आलमच्या नावाने पाडलेली आहेत, त्यामुळे नवखा माणूस ती मुघलांची समजतो. मल्हारनगरच्या, म्हणजे इंदूरच्या टाकसाळीतल्या, रुपयावर सूर्याचा चेहरा असतो, महेश्वरच्या नाण्यावर शिवलिंग आणि बेलाचं पान. ही खूण चित्रात दिसली नाही तर पान करून उपयोग काय? स्कॅनरच्या काचेवर नाणं थोडं थोडं फिरवत राहायचं. एका कोनात सूर्याचे डोळे एकदम उठून दिसतात. सोबत मिलिमीटरची पट्टी ठेवायची. ही पद्धत आम्ही आजही सोडलेली नाही.

आमच्या पानाच्या गेस्टबुकात, म्हणजे पाहुण्यांच्या अभिप्रायवहीत, लोक लिहू लागले. कुणी आजोबांच्या डब्यातल्या नाण्याचं वर्णन पाठवी, कुणी नाण्यावरच्या अक्षरांचं बाबांनी केलेलं वाचन तपासून टाकसाळीबद्दल शंका काढी. बाबा प्रत्येकाला सविस्तर उत्तर सांगत, मी टाइप करी. अनोळखी माणसं एकमेकांना इतकं मोकळेपणाने शिकवत होती, हे मला फार मोलाचं वाटतं. पहिलं पैशाचं कामही तिथूनच आलं, ग्वाल्हेरच्या एका तिकीट-संग्राहक काकांचं. इंदूर संस्थानाने १८८६ पासून स्वतःची तिकिटं काढली. ग्वाल्हेरची मात्र ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर संस्थानाचं नाव छापलेली. त्या छापाची लांबी, अक्षरांचं वळण यावरून प्रकार ठरतो. काकांना प्रत्येक तिकीट मोठं करून हवं होतं.

मराठी मजकुराचा प्रश्न बरीच वर्षं छळत राहिला. वाचणाऱ्याकडे आपला फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती खिचडी दिसे, म्हणून परिच्छेदच्या परिच्छेद चित्र करून लावावे लागत. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत, आल्यावरही विंडोज एक्सपीमध्ये सीडी घालून देवनागरीची सोय चालू करावी लागे. ते कसं करायचं, हे आम्ही कितीतरी ग्राहकांना फोनवरून सांगितलं आहे. पण त्यानंतर मराठी पानं शोधून सापडू लागली आणि आमचं काम खऱ्या अर्थाने वाढलं.

ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज बंद झालं. त्यातली पुष्कळ पानं इंटरनेट आर्काइव्हसारख्या जुनी वेबपानं साठवणाऱ्या ठिकाणी जपली गेली, सगळी नाही. पुढे २०१४ मध्ये ऑर्कुट ही सोशल नेटवर्किंग साइटही बंद झाली, तिथल्या छंदांच्या कम्युनिटींसकट. त्यामुळे आमचा एक नियम आहे: वेबसाइट सुरू केली की तिची पूर्ण प्रत, मूळ स्कॅनसह, ग्राहकाच्या हातात द्यायची आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्याच्याच नावावर घ्यायचं. उद्या तो दुसऱ्याकडे गेला तरी त्याचं काहीही आमच्याकडे अडकून राहू नये.

सध्या महेश्वर टाकसाळीच्या नाण्यांचा एक घरगुती संग्रह आमच्या टेबलावर आहे. दोन्ही बाजू, वजन आणि व्यास, अशी नोंद चालू आहे.