दार वाजलं नाही

कालपासून एकच गोष्ट मनात घोळतेय, आणि ती इतकी क्षुल्लक आहे की फोन करून कुणाला सांगायचीही सोय नाही. गल्लीतली सगळी दारं वाजली. आमचं वाजलं नाही. बस, एवढंच.

नाशकात तीन दिवस पाऊस धरून आहे. त्र्यंबकला त्याहून जास्त. काल दुपारी गंगापूर धरणातून पाणी सोडलं, हे मला कळलं बंगळूरहून. मीटिंग चालू असताना एकाने मध्येच विचारलं, तुमच्याकडे पूर आलाय ना, तो पुतळा बुडताना पाहिला मोबाइलवर. पुतळा! नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पुतळा म्हणणाऱ्या माणसाकडून मला कळावं की पाणी मारुतीच्या कमरेवर गेलंय. आणि मी माडीवर बसलेली, गंगा (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) जेमतेम दोनशे पावलांवर. माडीवर बसते, कारण खाली रेंज नाही. भिंती दोन-अडीच फुटी. माजघरात मोबाइलचा नुसता आरसा होतो. लाइट तीन वाजताच घालवली होती, लॅपटॉप शेवटच्या दमावर होता. मीटिंग संपली तरी कानातली बोंडं तशीच ठेवून खिडकीशी गेले.

समोरच्या काकू पदर खोचून, छत्रीबित्री न घेता, एकेक दार वाजवत चालल्या होत्या. काय म्हणत होत्या ते तोंडावरून कळत होतं. खालचं वर घ्या.

काकूंचं गणित पक्कं आहे. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलतात. कमरेला लागलं की पूर बघायला आलेल्यांनी होळकर पूल भरतो. छातीला लागलं की भांडी बाजार, सराफ बाजार माल वर चढवायला लागतात. आपण गळ्याची वाट बघायची नाही. भोंगा लावलेली गाडी क्युसेकचे आकडे सांगत फिरते, ते सगळं खरंच असतं, पण गल्लीत मोजमाप मारुतीचंच चालतं. त्यात गंगा फुगली की सरस्वती नाल्याला तोंडच उरत नाही, तो मागे वळून बाजारात शिरतो. म्हणजे पाणी समोरून येईल अशी वाट बघणारा माणूस मूर्ख. ते पाठीमागून येतं. हेही काकूंचंच. २०१६ आणि २०१९चे दोन्ही पूर त्यांनी इथेच काढले. १९६९ त्यांच्या सासूबाईंकडून तोंडपाठ.

तर काकूंनी कोपऱ्यावरचं घर वाजवलं. त्याच्या शेजारचं वाजवलं. दीड महिन्यापूर्वी राहायला आलेल्या दोन कॉलेजच्या पोरांची खोली वाजवली. मग आमच्या दाराशी आल्या. माडीच्या खिडकीतून दार दिसत नाही, पन्हाळीचा पत्रा आडवा येतो. त्या पत्र्याखाली गेल्या, थोडा वेळ दिसेनाशा झाल्या, आणि पुढे निघाल्या. वर पाहिलंसुद्धा नाही.

खिडकी उघडून हाक मारता आली असती. मारली नाही.

नंतर अंधार पडेपर्यंत एकटीने सामान वर नेत होते. सुताराची हत्यारं, चुन्याच्या बादल्या, बाबांची पुस्तकांची ट्रंक (तिच्यातली अर्धी पुस्तकं वाळवीने वाचून झालीत), शेवटी देव. प्रत्येक फेरीला जिन्यात तेच. दीड महिन्यापूर्वी आलेल्या पोरांचं दारसुद्धा.

मला अकरा महिने झाले.

मागच्या भाद्रपदात आले तेव्हा मागच्या पडवीचं छप्पर बसलेलं होतं आणि चौकाच्या भिंतीतून पिंपळ निघालेला. दोन खांबांचे पाय तळखड्यापाशी कुजलेले. मिस्त्री म्हणाले, आधी टेकू द्या, मग बाकीचं बोलू. खांब खालून दीड फूट कापून नवा साग सांधेपर्यंत मला धड झोप नव्हती. वरचं अख्खं घर चार टेकूंवर आणि त्या घरात मी. मग भिंती. बाबांनी कधीतरी नव्वदच्या आसपास ओलीवर उपाय म्हणून आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. तो ठोकून काढला तर मागे पांढऱ्या मातीची लापशी झालेली. "भिंतीला घाम येतो ताई," मिस्त्री म्हणाले, "तुमच्या वडिलांनी तिला रेनकोट घातला." मग कळीचा चुना आणून विरवला. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचं पाणी. महिनाभर चौकात पिंपं मांडलेली, आणि घराला कसला तरी आंबूस-गोड वास. बोटांची सालं गेली. बाबांना दाखवता आलं असतं तर... जाऊ दे.

पुण्यात होते तेव्हा रात्री झोप लागत नसली की मी ते व्हिडिओ बघायचे. स्कॉटलंडच्या टोकाला कुठलंसं बेट, वारा, मेंढ्या, बोट आली तर आली, आणि एक जोडपं पडकं दगडी घर उभं करतंय. त्यांच्याकडे पहिल्याच भागात शेजारी केक घेऊन येतात. माझ्याकडे पहिल्याच दिवशी पलीकडच्या वाड्यातले आजोबा आले होते. काठी टेकून चौकात उभे राहिले, वर कडीपाटाकडे बघितलं, आणि विचारलं, "बिल्डरला किती टक्क्यांनी दिला?"

तरी मी मैत्रिणींना हौसेने "माझं बेट" म्हणत राहिले. म्हणायला काय. रिक्षा चौकात सोडते, पुढे सगळं डोक्यावर नाहीतर हातात. वाळू गाढवांवरून आली. कुरिअरवाला फोन करून म्हणतो, मॅडम, तुम्हीच बाहेर या. त्यात २०२७च्या कुंभमेळ्याच्या नावाने आजूबाजूचे रस्ते खोदून ठेवलेत, म्हणजे बेटाभोवती खंदकसुद्धा झाला. गंमत वाटायची. काल कळलं की बेट म्हणजे काय. पाणी तुमच्याकडे येतंय हे सगळ्यांना माहीत असतं, तुम्हाला सोडून.

अकरा महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न: कधी आलात? आणि त्याला जोडून लगेच: किती दिवस आहात? गिरणीवाला विचारतो. दूधवाला, ज्याच्याकडे माझं महिन्याचं खातं आहे, तो विचारतो. एकदा मी वैतागून म्हटलं, गेलेच नाही मी. तर म्हणाला, हो का, मग उद्या येऊ ना? लहानपणी मेच्या सुट्टीत यायचो, तेव्हाही हाच प्रश्न होता, पण तेव्हा त्याच्यानंतर हातावर काहीतरी खाऊ पडायचा. काकू तेव्हा नव्या नवरी होत्या, मला कडेवर घेऊन गंगेवर न्यायच्या असं आई सांगायची. आता अहो-जाहो करतात. रंगपंचमीला रहाड, म्हणजे रंगात उड्या मारायचा जमिनीतला जुना हौद, उघडली तेव्हा सगळी गल्ली पिवळीजर्द-केशरी होऊन परत आली, आणि मला एकीने कौतुकाने विचारलं, फोटो चांगले आले का तुमचे? मी तिथे उडी मारायला गेले होते. मारली नाही ते सोडा.

दादाचा फोन येऊन गेला. आधी पुराचं विचारलं, मग कागदांचं. मी पुराचं सांगितलं.

पाणी काल कोपऱ्यावरच्या पायऱ्यांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. गल्लीत शिरलं नाही. म्हणजे मी केलेली सगळी ओढाताण फुकट, आणि काकूंनी सांगितलं नाही म्हणून माझं नुकसान काय झालं, तर काहीच नाही. याचा मला राग आला. थोडं तरी शिरायला हवं होतं. पावलं भिजण्यापुरतं. मग मला म्हणता आलं असतं, बघा.

आज सकाळी काकू ओटा झाडत होत्या. मी मुद्दाम दारात रेंगाळले. काही बोलायचं नाही असं ठरवलेलं होतं, म्हणून बोललेच.

"काल बरंच चढलं होतं ना पाणी?"

"हो ना. तुम्ही होतात का घरी? मला वाटलं पुण्याला गेलात."

"घरीच होते. वरच."

"मग उघडलं का नाही? वाजवलं होतं की मी."

"वाजवलं?"

"बेल दाबली, तर लाइट कुठे होती? मग दोन थापा मारल्या. तुमचं दार ते केवढं, माझाच हात झिणझिणला. वर काय ऐकू येणार!" केरसुणी आपटून त्यांनी दाराकडे नीट पाहिलं. "पूर्वी कडी होती याला. वाजवली की पार मागच्या पडवीत ऐकू जायची. ती कुठे गेली?"

कडी माझ्या टेबलाच्या वर आहे. भिंतीवर. सुताराने दार घासायला काढलं तेव्हा ती वेगळी निघाली, मी चिंचेने घासली, गंज गेला, घडवलेलं लोखंड, हाताच्या घासण्याने एका बाजूला पातळ झालेलं. इतकी सुंदर वस्तू परत दारावर लावून पावसात गंजवायची? चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर लावली, वर छोटा पिवळा दिवा लावला. फोटो टाकला तर या घराच्या कुठल्याच फोटोला मिळाली नव्हती एवढी वाहवा मिळाली. रोज मीटिंगमध्ये ती माझ्या मागे दिसते. बंगळूरच्या त्याच माणसाने एकदा विचारलंही होतं, हे कशासाठी असतं?

दारावर मी चिमणीच्या आवाजाची बेल लावली. विजेवरची. पूर आला की पहिली लाइट जाते, हे नाशकात शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

"वर ठेवलीय," मी काकूंना म्हणाले. शोभेला, हे म्हटलं नाही. त्यांनी "बरं" म्हटलं. त्या "बरं"मध्ये बरंच काही होतं, आणि सगळंच्या सगळं मला लागू होत होतं.

म्हणजे झालं ते एवढंच, आणि मी मोकळं व्हायला हवं होतं. झाले नाही. दिवसभर एकच वाक्य चघळतेय: मला वाटलं पुण्याला गेलात. गेले असं वाटलं तर वाजवलं कशाला? आणि वाजवलं तर गेले असं वाटलं कसं? दोन थापांनंतर वाटलं असेल. पोरांच्या दारावर मात्र उघडेपर्यंत उभ्या होत्या, ते मी पाहिलंय. पण पोरांचं दार पत्र्याचं आहे, ते वाजतं. हे असं उलटसुलट करत संध्याकाळ झाली. मधे एकदा वाटलं, आपण दोन थापांचं माणूस आहोत आणि दोन थापा काही कमी नाहीत. पुण्याला सोसायटीत सहा वर्षं होते, तिथे एक थाप पडल्याचं आठवत नाही. पुण्याचं असो.

दुपारी सुताराला फोन केला. पाऊस उघडला की येतो म्हणाला, म्हणजे दिवाळी. मग मीच कडी भिंतीवरून उतरवली. दारावरची जुनी भोकं मीच मागे लागून लांबी (पुट्टी) भरून बुजवून घेतलेली, कारण ती दिसायला वाईट दिसत होती. शेवटी दिंडीच्या, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दाराच्या, कोयंड्याला तारेने बांधली. वाकडी लोंबतेय. टेबलावरच्या भिंतीत दोन खिळे आणि पिवळा दिवा उरलाय, रिकाम्या चुन्यावर प्रकाश पाडत. उद्याच्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवलेलं नाही.

बारा वाजून गेलेत. वारा सुटलाय. कडी दोनदा वाजली. दोन्ही वेळा बॅटरी घेऊन जिना उतरून, चौक ओलांडून, अडसर काढून दार उघडलं. पहिल्यांदा कुणी नव्हतं. दुसऱ्यांदा एक कुत्रं होतं, ते आत येऊन ओसरीत झोपलं. अजून तिथेच आहे. आवाज मात्र खरोखर माडीपर्यंत येतो. पार मागच्या पडवीत जात असणार.

आता परत वाजतेय. वाराच आहे. नाही उठत.

*

सकाळी. काकू ओट्यावरच उभ्या होत्या, कमरेवर हात.

"रात्री कडी वाजवून वाजवून दमले मी. ऐकू येत नाही का गं तुला? पाणी उतरलं, गुडघ्याच्या खाली आलं, एवढंच सांगायचं होतं."

मी म्हणाले, झोप लागली होती.